आफ्रिकेची सफारी: आधी महिना ठरवा, मग जंगल

पहिल्या खेपेला मी केनियात आठ दिवसांत पाच उद्यानं उरकून आलो. उरकून हाच शब्द बरोबर. सकाळी बॅगा बांधायच्या, पाच-सहा तास गाडीत बसायचं, संध्याकाळी दोन तास जनावरं बघायची आणि रात्री पुन्हा बॅगा. घरी आल्यावर "काय काय पाहिलं?" असं कुणी विचारलं की मला आधी आठवायचा तो नारोकच्या रस्त्यावरचा ट्रकचा धूर. दुसऱ्या खेपेला दोनच जागा घेतल्या: मसाई मारात चार रात्री आणि अंबोसेलीत तीन. एक चित्तीण आपल्या पिल्लांसकट सलग तीन दिवस दिसली. तिची एक शिकार हुकली, दुसरी साधली, आणि ती साधलेली शिकार तरसांनी पळवली, हे सगळं आम्ही पाहिलं. तेव्हापासून सल्ला मागणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की उद्यानं कमी करा आणि मुक्काम वाढवा.

पुढचं बहुतेक विवेचन केनिया आणि टांझानियाबद्दल आहे. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तासांत नैरोबी येतं, त्यामुळे पहिल्या सफारीला हे दोन देश सोयीचे. दक्षिणेकडच्या जंगलांविषयी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

पहिलं काम: महिना

आपल्याकडे सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. गोची इथेच सुरू होते. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे हा मोठा पाऊस. मे महिन्यात लॉज स्वस्त मिळतात, सगळीकडे हिरवंगार असतं, पण गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि काळ्या मातीच्या वाटांवर गाड्या रुततात. मेशिवाय जमणारच नसेल तर पूर्व आफ्रिकेऐवजी दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर बघा. तिथे तेव्हा कोरडा हंगाम सुरू होत असतो. दिवाळी ऑक्टोबरात आली तर मारा उत्तम. नोव्हेंबरात आली तर छोट्या पावसाच्या सरी गृहीत धरा. त्या सरींनी सहल बुडत नाही, फक्त दुपारचा चहा तंबूत घ्यावा लागतो.

महिना महत्त्वाचा असण्याचं दुसरं कारण म्हणजे ते प्रसिद्ध स्थलांतर. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट (बैलासारखं दिसणारं मोठं हरीण) आणि त्यांच्यासोबत लाखांनी झेब्रे, पावसाच्या आणि कोवळ्या गवताच्या मागे वर्षभर टांझानियातलं सेरेंगेटी आणि त्याला लागून असलेला केनियातला मारा यांमध्ये गोल फिरत असतात. त्याची एक ठरावीक तारीख नसते. ढोबळ वेळापत्रक मात्र असं:

- जानेवारी ते मार्चची सुरुवात: दक्षिण सेरेंगेटी आणि एंडुटूचा भाग. इथल्या जमिनीत ज्वालामुखीची राख आहे, त्यामुळे गवत आखूड पण कसदार. विणीचा काळ हाच. दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात, आणि सिंह, चित्ते, तरस यांची चंगळ होते.
- एप्रिल-मे: कळप मध्य आणि पश्चिम सेरेंगेटीकडे सरकतात.
- जून: पश्चिमेला ग्रुमेती नदीच्या आसपास.
- जुलै ते ऑक्टोबर: उत्तर सेरेंगेटी आणि मसाई मारा. मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडण्याची दृश्यं याच काळातली.
- नोव्हेंबर-डिसेंबर: परत दक्षिणेकडे.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळं जग मारात उतरतं, हे विसरू नका. नदीकाठी तीस-चाळीस गाड्यांची दाटी बघून ताडोबाच्या मोहर्ली गेटची आठवण येते. नदी ओलांडण्याचाच हट्ट नसेल तर माझी पसंती फेब्रुवारीतल्या एंडुटूला. तिथे जमीन सपाट, नजर लांबवर जाते, गर्दी कमी, आणि जन्मल्यावर काही मिनिटांत उभं राहून धावणारं वासरू बघायला मिळतं.

दुसरं काम: दोन किंवा तीन जागा निवडा

मसाई मारा. सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं हे राखीव जंगल नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. मार्जारकुळासाठी पूर्व आफ्रिकेत एकच जागा निवडायची झाली तर मी हीच निवडेन. सिंह, चित्ता आणि बिबट्या तिन्ही दिसण्याची शक्यता इथे चांगली. पण मारा म्हणजे नुसतं हे राखीव जंगल नव्हे, आणि बुकिंग करताना नेमकं हेच कुणी नीट सांगत नाही. नदीच्या पश्चिमेचा भाग 'मारा ट्रँगल' म्हणून ओळखला जातो. त्याची व्यवस्था २००१ पासून वेगळी आहे आणि तिथे शिस्त जास्त पाळली जाते. उत्तरेला मसाई कुटुंबांनी आपापल्या जमिनी एकत्र करून भाड्याने दिलेल्या 'कॉन्झर्व्हन्सी' आहेत: नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ. तिथे फक्त तिथल्याच कॅम्पच्या पाहुण्यांना प्रवेश, त्यामुळे गाड्या मोजक्या. राखीव जंगलात बंदी असलेली रात्रीची फेरी आणि पायी भटकंतीही तिथे करता येते. खर्च जास्त आहे, पण चार रात्रींपैकी दोन कॉन्झर्व्हन्सीत आणि दोन राखीव जंगलात असा मेळ घातला तर दोन्हीची चव मिळते.

माराच्या प्रवेशशुल्काकडे लक्ष ठेवा. २०२४ पासून परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असा दर झाला. एजंटचा आकडा फारच स्वस्त वाटला तर त्यात हे शुल्क धरलंय का, हा पहिला प्रश्न विचारा.

सेरेंगेटी. १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे माराच्या जवळपास दहापट. १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९८१ मध्ये जागतिक वारसा. इतक्या मोठ्या जागेत "सेरेंगेटीत दोन रात्री" या वाक्याला अर्थ नाही. कुठल्या भागात, ते विचारा. मध्यातला सेरोनेरा वर्षभर चालतो. तिथल्या नदीकाठच्या झाडांवर बिबट्या आणि मधूनमधून उगवलेल्या खडकांच्या ढिगांवर सिंह दिसतात. स्थलांतर बघायचं असेल तर वरचं वेळापत्रक धरून दक्षिण, पश्चिम किंवा उत्तर निवडा. ऑगस्टात दक्षिणेत तंबू घेतलात तर कळप तिथून शे-दीडशे किलोमीटर दूर असतील.

गोरोंगोरो. टांझानियातला जुना ज्वालामुखी खचून तयार झालेली भली मोठी काहीलच ही. तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, कडे सहाशे मीटर उंच. खाली गवत, तळं, दलदल, थोडं जंगल, आणि त्यात सिंह, तरस, रानरेडे, लांब सुळ्यांचे वयस्क हत्ती आणि काळे गेंडे. जिराफ मात्र नाहीत. खाली उतरायला गाडीमागे वेगळं शुल्क आहे, कर सोडून २५० डॉलर. दोन कुटुंबांनी एक गाडी केली तर ते विभागलं जातं. सकाळी गेट उघडताच उतरा, एक दिवस पुरतो. कडेवरचे लॉज २,३०० मीटरच्या आसपास आहेत. तिथली जुलैतली सकाळ म्हणजे महाबळेश्वरची डिसेंबरातली.

अंबोसेली. ३९२ चौरस किलोमीटरचं छोटं उद्यान, आणि हत्ती बघण्यासाठी याला तोड नाही. १९७२ पासून इथल्या हत्तींच्या कुटुंबांचा सलग अभ्यास चालू आहे, त्यामुळे हत्ती गाड्यांना सरावलेले आहेत आणि अगदी जवळून जातात. मागे ५,८९५ मीटर उंचीचा किलीमांजारो. डोंगर टांझानियात, पण त्याचं नावाजलेलं दर्शन केनियातून होतं. त्याचंच पाणी जमिनीखालून येऊन इथे दलदल होते, म्हणून कडक उन्हाळ्यातही हत्ती पोटापर्यंत पाण्यात उभे दिसतात. डोंगर पहाटे आणि संध्याकाळी उघडतो, दिवसभर ढगात असतो. म्हणून इथे दोन पहाटा हव्याच. गेंडा इथे नाही.

नाकुरू. गेंड्यासाठी. कुंपण असलेलं उद्यान, पांढरे आणि काळे दोन्ही गेंडे, एक रात्र पुरते. रोहित पक्ष्यांनी गुलाबी झालेला तलाव अशी जुनी चित्रं बघून जाल तर हिरमोड होईल. गेल्या काही वर्षांत तलावाची पातळी खूप वाढली, पाण्याचा खारटपणा उतरला आणि पक्ष्यांचे मोठे थवे बोगोरिया तलावाकडे वळले.

बाकीची थोडक्यात. टांझानियातलं तारांगिरे जून ते ऑक्टोबर सुंदर, हत्तींचे मोठे कळप आणि गोरखचिंचेचे अजस्र वृक्ष. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत गोरखचिंच पाहिली असेल तर तिचं माहेर हे. सांबुरू उत्तर केनियातलं, कोरडं. ग्रेव्हीचा झेब्रा, जाळीदार नक्षीचा जिराफ, मागच्या पायांवर उभं राहून पाला खाणारं गेरेनुक हरीण तिथेच बघावं. त्साव्होची दोन्ही उद्यानं मिळून प्रचंड, पण जनावरं विखुरलेली. तिथलं आकर्षण वेगळं. १८९८ मध्ये त्साव्हो नदीवर रेल्वेचा पूल बांधताना दोन नरभक्षक सिंहांनी कामगारांना भंडावून सोडलं होतं, आणि त्या कामगारांत हिंदुस्थानातून नेलेल्यांचा भरणा होता. आता त्याच मुलखातून नैरोबी-मोंबासा नवी रेल्वे धावते आणि खिडकीतून हत्ती दिसतात. नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६ चं, ११७ चौरस किलोमीटरचं. परतीचं विमान रात्रीचं असेल तर शेवटचा अर्धा दिवस तिथे घालवा.

तिसरं काम: नकाशावर रेघ ओढा

किलोमीटर मोजू नका, तास मोजा. नैरोबी ते मारा पाच-सहा तास. नैरोबी ते अंबोसेली चार-पाच. नाकुरू ते मारा पुन्हा पाच-सहा. टांझानियातल्या आरुशा शहराहून सेरोनेरा सात-आठ, पण वाटेत गोरोंगोरो लागत असल्याने ते दोन टप्प्यांत होतं.

केनियासाठी सात रात्रींचा माझा आराखडा असा: अंबोसेली दोन, नाकुरू किंवा त्याच वाटेवरचा नैवाशा तलाव एक, मारा चार. टांझानियासाठी: तारांगिरे एक, गोरोंगोरोच्या कडेवर एक, सेरेंगेटी चार, उरलेली एक आरुशात. दोन्ही देश एका दमात करायचे तर दहा रात्री तरी हाताशी हव्यात. इथे एक मोठा गैरसमज असतो. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी खेटून आहेत, पण मधली हद्द पर्यटकांना बंद आहे. जनावरं सरळ जातात, माणसांना पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालून जावं लागतं, आणि तिथे सहसा गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही बदलतात. यात अख्खा दिवस जातो.

पैसे असतील तर छोटं विमान. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून तासाभरात मारातली मातीची धावपट्टी. सामान मात्र हाताच्या पिशवीसकट १५ किलो, तेही मऊ बॅगेत. कडक कवचाची ट्रॉली बॅग उचलतच नाहीत.

चौथं काम: गाडी आणि ड्रायव्हर

लॉज थोडं साधं घ्या, पण गाडीत काटकसर करू नका. दिवसाचे आठ-दहा तास तिच्यातच जाणार आहेत. छत वर उचलता येणारी लँड क्रूझर मागा आणि लेखी घ्या: गाडीत माणसं किती, प्रत्येकाला खिडकी आहे का, गाडी पूर्ण दिवस आपलीच का, किलोमीटरची मर्यादा आहे का. माझ्या पहिल्या सहलीत सात जण एका व्हॅनमध्ये होतो. डावीकडे बिबट्या निघाला की उजवीकडच्यांना समोरच्याची टोपी दिसायची.

ड्रायव्हरच गाईड असतो. सगळा खेळ त्याच्यावर. पहिल्याच संध्याकाळी त्याला शांतपणे सांगा की आम्हाला पाचही मोठे प्राणी एका दिवसात नकोत. 'बिग फाइव्ह' ही यादीच मुळी शिकाऱ्यांची. पायी शिकार करायला जी पाच जनावरं सर्वांत धोक्याची, ती म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. तिच्यात चित्ता नाही, जिराफ नाही. यादीचं दडपण उतरलं की ड्रायव्हरही वायरलेसवरच्या गर्दीमागे धावणं सोडतो.

त्याच्याशी बोलायला थोडी स्वाहिली पुरते, आणि ती आपल्याला परकी वाटत नाही. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', पोळीला 'चपाती', कोशिंबिरीला 'कचुंबारी'. हे शब्द आपल्याकडून समुद्रापलीकडे गेलेले. 'सिंबा' म्हणजे सिंह, हा मात्र निव्वळ योगायोग. तो शब्द बांटू मुळाचा आहे. 'चुई' बिबट्या, 'दुमा' चित्ता, 'तेंबो' हत्ती, 'फिसी' तरस. सहल संपताना गाडीमागे दिवसाला वीस डॉलरच्या आसपास बक्षिसी देण्याची रीत आहे. नोटा नव्या छपाईच्या, न फाटलेल्या न्या. जुन्या नोटा नाकारतात.

पाचवं काम: कागद आणि लस

केनियाला २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना लागतो, ऑनलाइन मिळतो. टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून एक सामायिक पर्यटक व्हिसा आहे, पण त्यात टांझानिया येत नाही. इथे पुष्कळ जण फसतात.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. केनियाहून परतताना भारतात उतरल्यावर पिवळं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. केनियातून टांझानियात शिरतानाही ते लागतं. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच, आणि तिथली नोंदणी भरलेली असू शकते म्हणून महिनाभर आधी लागा. एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील किंवा कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण या लसीचा धोका वयाबरोबर वाढतो. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

सहावं काम: बॅग

चिवडा, चकल्या, मेथीचे ठेपले जरूर न्या, पण डब्यात. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, टांझानियात २०१९ पासून. केनियाच्या उद्यानांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, म्हणून स्टीलची बाटली. शाकाहारी जेवणाची फार चिंता नको. तिथल्या लॉजना गुजराती पाहुण्यांची सवय आहे, आधी कळवलं तर कांदा-लसणाशिवायही करून देतात. आणि राजम्यासारखं 'महारागे' चपातीबरोबर मिळालं की काम झालं.

कपडे खाकी, मातकट किंवा फिकट हिरवे. गडद निळा आणि काळा नको, कारण त्सेत्से माशी या रंगांकडे खेचली जाते आणि तारांगिरे, पश्चिम सेरेंगेटी इथे तिचा चावा जीन्समधूनही लागतो. स्वेटर आणि कानटोपी हवीच. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे आणि उघड्या छतातून पहाटेचा वारा झोंबतो. प्रत्येकाला वेगळी दुर्बीण, ८x४२ ची. दुर्बीण एकच असली की घरात भांडणं होतात. कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्सखाली टेकू म्हणून ठेवायला रिकामी कापडी पिशवी न्या, तांदूळ तिथे भरा. ड्रोन घरी ठेवा.

दुसऱ्या खेपेसाठी

क्रूगर, दक्षिण आफ्रिका: १९,००० चौरस किलोमीटरहून मोठं, आणि स्वतः गाडी चालवत फिरता येतं. तिथेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी, डांबरी रस्त्यावर ताशी ५० ची मर्यादा. लोअर साबी, सतारा, स्कुकुझा या उद्यानातल्याच विश्रांतीतळांवर मुक्काम करा, महिनोनमहिने आधी आरक्षण करा आणि आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. कुटुंबाला सर्वांत कमी खर्चात होणारी सफारी ही. नामिबियाचं एटोशा त्याच धाटणीचं. तिथे जनावरांच्या मागे जायचं नाही, पाणवठ्यावर बसून राहायचं. ओकाउक्वेयोच्या तळावर रात्री दिवे लावलेला पाणवठा आहे, तिथे बाकावर बसल्या बसल्या गेंडे येतात. बोत्स्वानाच्या ओकावांगोत अंगोलातल्या पावसाचं पाणी महिन्यांनी पोचतं, म्हणून ऐन कोरड्या हंगामात तिथे पूर असतो. अप्रतिम आणि महागडं. झांबियाचं साउथ लुआंग्वा पायी सफारीसाठी. युगांडातल्या ब्विंडीचे गोरिला हा प्रकारच निराळा: एका गटाला आठ माणसं, एक तास, चढउताराची चाल, आणि त्या एका तासाच्या परवान्याला ८०० डॉलर. पंधरा वर्षांखालच्यांना नेत नाहीत.

गाडीत बसल्यावर

ताडोबाच्या सवयी थोड्या बाजूला ठेवा. आपण सांबराचा कॉल ऐकतो, पाऊलखुणा शोधतो, वाघ पाच मिनिटं दिसला की दिवस सार्थकी. इथे माळ उघडा आहे आणि सिंह दिसणं अवघड नाही. अवघड आहे ते त्याच्यापाशी थांबणं. सिंह दिवसाचे अठरा-वीस तास लोळतो. पोट भरलेला झोपला असेल तर पुढे जा. पण सिंहिणी उठून वेगवेगळ्या दिशांना चालू लागल्या, किंवा चित्ता वारुळावर चढून एकाच रोखाने बघत राहिला, तर इंजिन बंद करायला सांगा आणि बसा. जिराफांचा कळप एकाच दिशेला मान करून उभा असेल तर त्या दिशेला दुर्बीण लावा. पहाटे तरसं घोळक्याने कुठे धावताहेत ते पाहा, टोकाला बहुधा शिकार असते. एका जनावराभोवती आधीच पाच गाड्या असतील तर मारातला नियम थांबायचा आहे. तुमचा ड्रायव्हर तो मोडत असेल तर तुम्हीच त्याला अडवा, कारण बक्षिसीच्या आशेने तो तुमच्यासाठीच मोडत असतो.

आणि नदीकाठी गेलात तर सकाळची न्याहारी बांधून घ्या. कळप काठावर येतो, पुढचे थबकतात, मागचे रेटतात, धूळ उडते, कुठूनतरी एक झेब्रा पाण्यात पाय घालतो आणि काढून घेतो. कधी वीस मिनिटांत हजारो उड्या पडतात. कधी चार तासांनी सगळे निवांत माघारी वळून चरायला लागतात. आमच्या नशिबी दोनदा माघार आली. तिसऱ्या दिवशी आम्ही उकडलेली अंडी सोलत असताना पहिला विल्डबीस्ट पाण्यात पडला.